हाऊसफुल्ल खेळ, तरी डोक्यावर कर्ज : बालगंधर्वांच्या नाटक कंपनीचं नेमकं काय झालं?

पिंपरी, भोसरी किंवा चाकणहून पुण्यात नाटकाला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, प्रयोग कुठे आहे? बऱ्याचदा उत्तर एकच असतं, बालगंधर्वला. जंगली महाराज रस्त्यावरची ती इमारत, बाहेर लागलेले नाटकांचे बोर्ड, मध्यंतरातला बटाटेवडा. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, नाव पुरतं.

पण हे नाव ज्या माणसाचं, त्याच्याविषयी विचारलं तर साधारण दोन गोष्टी सांगितल्या जातात. ते बाईच्या भूमिका करायचे आणि फार गोड गायचे. दोन्ही खऱ्याच. तिसरी गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक असते. महाराष्ट्राने ज्या गायकाला डोक्यावर घेतलं, ज्याच्या खेळाला लोक गाड्या जुंपून गावोगावहून यायचे, त्या माणसाच्या आयुष्याची कित्येक वर्षं कर्ज फेडण्यात गेली. आणि उतारवयात त्याच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं.

एवढी लोकप्रियता असताना असं झालं कसं? ते समजून घ्यायचं तर गोष्ट सुरुवातीपासून बघायला लागते.

नारायणचा बालगंधर्व झाला

बालगंधर्वांचं खरं नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणं आजच्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचं. घरची परिस्थिती बेताची, पण पोराचा गळा लहानपणापासूनच असा की ऐकणारा थांबून ऐकायचा.

हा मुलगा दहाएक वर्षांचा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं, असं सांगतात. गंधर्व म्हणजे देवांच्या दरबारातला गायक. ते नाव पुढे इतकं चिकटलं की मूळ नाव फक्त कागदोपत्री उरलं. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या माणसालाही लोक बालगंधर्वच म्हणायचे. जवळच्या माणसांसाठी आणि नाटकवाल्यांसाठी ते नारायणराव होते.

पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं या मुलाकडे लक्ष गेलं. मुलाचा कान दुखत होता, त्याच्या उपचारासाठी महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं. त्याच वेळी मिरजेत किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम होता. कान बरा झाला आणि मुलगा नाटक कंपनीत गेला.

हे साल होतं १९०५. नारायणराव सतरा वर्षांचे होते आणि मिरजेतच त्यांनी पहिली मोठी भूमिका केली, 'शाकुंतल' नाटकातली शकुंतला.

पुरुषानेच बाई का व्हायचं?

आजच्या वाचकाला इथे प्रश्न पडतोच. बाईची भूमिका बाईने का नाही केली?

तर त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी रंगभूमीवर जाणं समाजाला मान्यच नव्हतं. बायकांच्या काही नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडे प्रतिष्ठित वर्ग नाक मुरडून बघायचा. मोठ्या संगीत नाटक कंपन्यांमध्ये सगळी पात्रं पुरुषच रंगवायचे. शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, रुक्मिणीही पुरुष. अशा नटांना स्त्रीपार्टी नट म्हणत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा नवा जमाना सुरू झाला. त्या कंपनीचा मोठा गायक नट म्हणजे भाऊराव कोल्हटकर. भाऊरावांचं १९०१ साली निधन झालं. कंपनीला तशा तोलाची नायिका मिळेना. प्रेक्षक जुन्या आठवणी काढायचे आणि नव्या नटाला नावं ठेवायचे.

त्या रिकाम्या जागेवर हा सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला. भाऊरावांचा आवाज तेजस्वी, टिपेला जाणारा. नारायणरावांचा मुलायम, लडिवाळ. पण सुराला इतका पक्का की काही वर्षांतच लोक म्हणायला लागले, किर्लोस्कर मंडळीला पुन्हा दिवस आले.

'मानापमान'चा पहिला खेळ

१९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. खाडिलकर हे टिळकांचे सहकारी आणि 'केसरी'तले पत्रकार. नाटकाची नायिका भामिनी ही श्रीमंताची मुलगी. गरीब सेनापती धैर्यधराला ती आधी तुच्छ लेखते आणि पुढे वनमाला नावाने वेश पालटून त्याला जवळून बघते, तेव्हा तिचं मन बदलतं. भामिनी अर्थातच बालगंधर्व.

गाण्यांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. कोल्हापूरचे टेंबे हे नावाजलेले पेटीवादक. उत्तरेकडच्या ठुमरी अंगाच्या चाली त्यांनी मराठी पदांना दिल्या. तोपर्यंत मैफिलीत बसणाऱ्या मोजक्या रसिकांपुरत्या असलेल्या या गोष्टी पिटातल्या स्वस्त तिकिटावर बसणाऱ्या माणसापर्यंत पोचल्या.

या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ ला मुंबईत ठरला होता. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी गेली. तिकिटं विकली गेली होती, लोक यायला लागले होते. कंपनीतले लोक खेळ पुढे ढकलायला तयार होते. नारायणराव मात्र रंगायला बसले. त्या रात्री प्रेक्षकांसमोर आली ती हसरी, नखरेल भामिनीच.

ही गोष्ट आजवर त्यांच्या निष्ठेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती आहेच. पण पुढचं आयुष्य बघितलं की तिचा आणखी एक अर्थ लागतो. खेळ आणि आपण, यांत खेळ पहिला, हा हिशेब या माणसाने तेविसाव्या वर्षापर्यंत मनाशी पक्का केला होता. पैशाच्या बाबतीतही पुढे हाच हिशेब लागू झाला.

स्वतःची कंपनी

किर्लोस्कर मंडळीचा कारभार शंकरराव मुजुमदार बघायचे. कारभाऱ्यांशी मतभेद वाढत गेले आणि १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे बाहेर पडले. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय या मंडळीला मिळाला.

आता इथे जरा थांबून, नाटक कंपनी म्हणजे नेमकं काय असायचं ते बघू. कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आजचा नाटकाचा निर्माता नाट्यगृह काही तासांसाठी भाड्याने घेतो, नटांना प्रयोगागणिक पैसे देतो आणि प्रयोग संपला की जो तो आपापल्या घरी जातो. तेव्हाची कंपनी म्हणजे फिरतं गावच होतं. नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपट सांभाळणारे, रंगभूषा करणारे, आचारी, वाढपी, मॅनेजर आणि नाटक शिकायला आलेली लहान पोरं. सगळे कंपनीच्या बिऱ्हाडात राहायचे, कंपनीच्या पंगतीला जेवायचे. मुंबई, पुणे, नाशिक, वऱ्हाड, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव, बडोदा असे मुक्काम पडायचे आणि प्रत्येक वेळी हा सगळा पसारा रेल्वेने हलवायचा.

म्हणजे उत्पन्न आठवड्यातल्या खेळांच्या रात्रींचं आणि खर्च रोजचा. पाऊस लागला, प्लेगची साथ आली, मुख्य नटाचा घसा बसला, तरी चूल पेटवायलाच लागायची. अशा धंद्यात चांगल्या दिवसांत चार पैसे बाजूला ठेवणं फार गरजेचं असतं. गंधर्व मंडळीत नेमकं तेच झालं नाही.

सुरुवातीला तीन मालक असल्यामुळे एकमेकांवर थोडा तरी वचक होता. टेंबे दोनेक वर्षांतच बाहेर पडले. पुढे बोडसही वेगळे झाले. मग कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली आणि त्यांना नाही म्हणणारं कोणी उरलं नाही.

ते दिवस

पण आधी वैभवाचे दिवस. १९१६ साली खाडिलकरांचं 'स्वयंवर' आलं. कृष्णावर प्रेम करणाऱ्या रुक्मिणीची ही कथा. गाण्यांना चाली भास्करबुवा बखल्यांच्या. भास्करबुवा म्हणजे त्या काळचे थोर शास्त्रीय गवई आणि बालगंधर्वांचे गुरू. रागदारीतल्या बंदिशी त्यांनी नाटकात आणल्या आणि शिष्याने त्या अशा गायल्या की ज्याला रागाचं नावही सांगता येणार नाही असा माणूसही भूप, यमन गुणगुणत घरी जायचा.

बालगंधर्वांच्या गाण्याची गंमत ही की ते नुसतं गाणं नसायचं. रुक्मिणी लाजते, भामिनी फणकारते, ते सगळं सुरातूनच कळायचं. शब्द कुठे तोडायचा, कुठल्या अक्षरावर थांबायचं, तान किती लांब घ्यायची, हे पात्राच्या मनाकडे बघून ठरायचं. प्रेक्षक वन्समोअर द्यायचे आणि नारायणराव तेच पद पुन्हा गायचे, पण दरवेळी वेगळं. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत लांबायचा. तक्रार कोणी करत नसे.

मग १९१९ साली आलं राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. दारूपायी उद्ध्वस्त होणारा हुशार वकील सुधाकर आणि त्याची बायको सिंधू. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिन्याभराने, फेब्रुवारीत, बडोद्याला नाटकाचा पहिला खेळ झाला. लेखकाला तो बघता आला नाही. बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू.

लोकांना सवय होती शालू नेसलेल्या, दागिन्यांनी मढलेल्या बालगंधर्वांची. सिंधू तशी नव्हती. शेवटी शेवटी तर ती ठिगळं लावलेल्या लुगड्यात, जात्यावर दळण दळते. नुसत्या रूपावर आणि भरजरी कपड्यांवर हा नट उभा आहे असं म्हणणाऱ्यांना त्या भूमिकेने उत्तर मिळालं. सिंधूसाठी थिएटरात बायापुरुष रडायचे.

त्या काळात बालगंधर्वांचा प्रभाव थिएटराबाहेरही दिसायचा. त्यांनी साडी कशी नेसली, अंबाड्यावर फुलं कशी माळली, कुठला दागिना घातला, हे बघून घरोघरच्या बायका तसं करायच्या. एका पुरुषाने बायकांना नटायचं कसं ते शिकवलं, असं म्हटलं जायचं ते यामुळेच. त्यांच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या आणि ज्यांच्या गावी कंपनीचा मुक्काम कधीच पडला नाही त्यांच्यापर्यंतही आवाज पोचला.

पैसा गेला कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खेळ भरलेले होते. मग पैसा गेला कुठे?

त्याचं उत्तर बरंचसं रंगमंचावरच सापडतं. बालगंधर्वांना खोटं चालत नसे. शालू खरा हवा, त्याची जर खरी हवी. बैठकीला चांगले गालिचे हवेत. खेळाच्या वेळी अत्तराचा घमघमाट हवा. मागच्या रांगेतल्या माणसाला खरी जर आणि खोटी जर यांतला फरक दिसणार नाही, असं कोणी सांगितलं तरी ते पटत नसे. प्रेक्षक म्हणजे मायबाप, त्यांच्यापुढे हलकं काही ठेवायचं नाही, ही त्यांची समजूत.

साथीलाही तेच. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला पुढे देशभर गाजलेले अहमदजान थिरकवा, शिवाय ऑर्गन. एखाद्या संस्थानिकाच्या पदरी असावेत असे कलावंत एका नाटक कंपनीच्या पगारावर होते. भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे नट आणि संगीतकार म्हणून कंपनीत होते.

१९२० साली 'द्रौपदी' आलं. मयसभेचा देखावा, पोशाख, झगमगाट यांवर प्रचंड खर्च झाला. नाटक मात्र 'स्वयंवर' किंवा 'एकच प्याला'सारखं चाललं नाही. खर्च अंगावर आला. शिवाय कारभारातला ढिलेपणा होताच. मालक हिशेबाच्या वहीत डोकं घालत नव्हते. कोणी अडचण सांगितली की हात सैल सुटायचा. हाताखालच्यांनी काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, हे तपासायला कोणी नव्हतं.

१९२१ च्या सुमारास कंपनी मोठ्या कर्जात असल्याचं उघड झालं.

त्याच वर्षीची एक घटना मराठी रंगभूमीवर अजून सांगितली जाते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन कंपन्या एकत्र आल्या. केशवराव कोल्हापूरचे, धारदार गळ्याचे, बालगंधर्वांच्या बरोबरीचे मानले जाणारे गायक नट. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटांवर लोक तुटून पडले. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. तो सामना तेवढाच राहिला.

लक्षात घेण्यासारखी बाब ही, की स्वतःच्या कंपनीवर कर्ज असताना बालगंधर्व त्या रात्री देशाच्या फंडासाठी उभे होते.

कर्जाची बातमी फुटल्यावर चाहते मदतीला पुढे आले. त्यांना नुसता शब्द टाकायचा अवकाश होता, मोठा निधी उभा राहिला असता. बालगंधर्वांनी तो मार्ग घेतला नाही. गाऊनच फेडीन, असं त्यांनी ठरवलं. कारभार दुसऱ्यांच्या हाती दिला आणि स्वतः खेळामागून खेळ करत राहिले. पुढच्या सातेक वर्षांत ते कर्ज फिटलं.

म्हणजे बघा, कंपनी कमावत नव्हती असं कधीच नव्हतं. शिस्तीने चालवली तर ती मोठं कर्जही फेडू शकत होती. कर्ज फिटल्यावर मात्र कारभार पुन्हा मालकांकडे आला आणि जुन्या सवयीही परत आल्या.

बोलपट आले

या खेपेला वेळ साथ देणार नव्हती. मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' लागला. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' आला आणि पडदा मराठीत बोलायला, गायला लागला. थोड्या पैशांत दोन-अडीच तासांत गाण्यांसकट गोष्ट बघायला मिळायला लागली आणि तीही रोज, तालुक्याच्या गावीही. थिएटरांच्या मालकांनाही हिशेब कळला. नाटकाची जागा सिनेमाला दिली की दिवसाला अनेक खेळ होतात. कंपन्यांना मुक्कामासाठी थिएटरं मिळेनाशी झाली.

दुसरा बदल आतून होत होता. बायका रंगमंचावर यायला लागल्या होत्या. हिराबाई बडोदेकर स्वतःची नाटक कंपनी काढून उभ्या राहिल्या होत्या. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या. बाईची भूमिका बाईच करणार, हे हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडत होतं. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते. 'कान्होपात्रा' आणि मीराबाईवरचं 'अमृतसिद्धी' अशी भक्तिरसाची नवी नाटकं त्यांनी केली. गळा तसाच होता, पण शरीर रुक्मिणीचं राहिलं नव्हतं.

शेवटी कंपनी थांबवून ते सिनेमाकडे गेले. पुण्यात तेव्हा प्रभात फिल्म कंपनी जोरात होती. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ साली 'धर्मात्मा' आला. बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावं लागलं.

चित्रपट चांगलाच होता. पण लोक ज्या बालगंधर्वांना बघायला आले होते, ते त्यात नव्हते. समोर एक पुरुष होता, दाढीमिशा नसल्या तरी पुरुषच. आणि गाणं? रंगमंचावर वन्समोअर घेत अर्धा तास फुलणारं पद इथे काही मिनिटांत संपवायचं होतं. कॅमेऱ्यापुढे तुकड्या-तुकड्याने अभिनय करायचा, समोर दाद द्यायला कोणी नाही. प्रेक्षक बघून ज्याचा सूर लागायचा, त्याला हे परकंच वाटणार. प्रभातबरोबरची भागीदारी त्या एका चित्रपटावरच संपली. पुढे १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीभूमिकेत दिसले. पण लांबून मोहून टाकणारं रूप कॅमेऱ्याने जवळ आणलं की तो भ्रम टिकत नाही. तोही प्रयत्न फसला.

हे फक्त त्यांच्याच वाट्याला आलं असं नाही. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळीही याच लाटेत सापडली. त्यांनी १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला, तो चालला नाही आणि कंपनी सावरली नाही. दीनानाथ १९४२ साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले. तेव्हा उधळेपणामुळे गंधर्व मंडळी बुडाली, एवढंच म्हणून चालत नाही. काटकसरीने चालवली असती तरी तो जमाना टिकणार नव्हता. काटकसर केली असती तर कंपनीतल्या माणसांना आणि मालकाला म्हातारपणी आधार राहिला असता, एवढाच काय तो फरक.

गोहरबाई

१९३८ च्या सुमारास कंपनी पुन्हा उभी राहिली. या वेळी तिच्यात एक नवं नाव होतं, गोहरबाई कर्नाटकी. विजापूरकडच्या गोहरबाई बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून त्यांच्यासारखं गायला शिकल्या होत्या. सिनेमातल्या प्रसिद्ध गायिका अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या बहीण.

आता गोहरबाई नायिका करायला लागल्या आणि बालगंधर्व काही नाटकांत पुरुष भूमिका. ज्या माणसाने बाईशिवाय रंगभूमी गाजवली, त्याच्याच कंपनीत बाई नायिका म्हणून आली.

यावरून खूप काहूर उठलं. गोहरबाई मुसलमान, नारायणराव ब्राह्मण, घरी पत्नी लक्ष्मीबाई. जुने सहकारी दुरावले, चाहते नाराज झाले. लक्ष्मीबाई १९४० साली गेल्या आणि १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. गोहरबाईंनी त्यांना लुबाडलं असं बोलणारे लोक होते. त्यांच्यामुळेच उतारवयात कोणीतरी सांभाळणारं राहिलं, असं म्हणणारेही होते. एवढं खरं की कंपनीचं आर्थिक गणित गोहरबाई येण्याच्या कितीतरी आधी विस्कटलं होतं. त्याचा दोष त्यांच्या माथी मारणं सोपं होतं, म्हणून मारला गेला.

शेवटची वर्षं

पुढे पायांतली शक्ती गेली. तरी गाणं सुटलं नाही. बसून भजनाचे कार्यक्रम व्हायचे. १९५५ साली, सदुसष्टीच्या घरात, ते अखेरचे रंगमंचावर आले. भूमिका होती 'एकच प्याला'तली सिंधू. त्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६४ साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या.

दरम्यान पुणे महापालिकेने मुठेकाठी मोठं नाट्यगृह बांधायचं ठरवलं होतं. त्याचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झालं. आपल्या नावाच्या वास्तूची पहिली कुदळ आपणच मारायची, असा योग फार थोड्यांच्या नशिबी येतो. पूर्ण झालेली इमारत बघायला मात्र ते राहिले नाहीत. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी, २६ जूनला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन झालं.

मग चुकलं कुठे?

हिशेबाच्या वहीवरून बघितलं तर बालगंधर्व चुकले, यात वाद नाही. चांगल्या दिवसांत बचत केली नाही, कारभारावर लक्ष ठेवलं नाही, एकदा कर्जातून सुटल्यावर पुन्हा त्याच वाटेने गेले. त्याची झळ त्यांच्याबरोबरच्या शेकडो पोटांनाही बसली.

पण त्याच खर्चातून थिरकव्यांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी पिटातल्या माणसाच्या कानावर पडली. रागदारी संगीत दरबारातून आणि बंद दिवाणखान्यातून बाहेर काढून तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचं केलं, त्यात या कंपनीचा वाटा फार मोठा आहे. पुढच्या पिढीतल्या गवयांनी ते मानलं. कुमार गंधर्वांनी तर 'मला उमजलेले बालगंधर्व' नावाचा अख्खा कार्यक्रम केला.

आज त्यांचा आवाज ऐकायचा तर जुन्या तबकड्यांचाच आधार आहे. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे आपण ऐकतो ते पद आटोपतं घेतलेलं असतं. पहिल्यांदा ऐकताना खरखरीतून सूर वेगळा करायला जरा वेळ लागतो. दोन-तीनदा ऐकलं की शब्दांशी चाललेला तो खेळ कानात बसतो.

आणि नाटकाचा धंदा? तो बालगंधर्वांच्या काळातल्या चुकांतून थोडं शिकला. पगारी नट, स्वतःचं बिऱ्हाड आणि फिरता भटारखाना असलेल्या कंपन्या संपल्या. आता नटाला प्रयोगागणिक नाईट मिळते आणि नाट्यगृह महापालिकेचं असतं. पुण्यातलं बालगंधर्व असो, चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह असो की भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, इमारतीचा भार एका नटाच्या गळ्यावर नसतो. प्रयोग पडला तर त्या रात्रीचं नुकसान होतं, पण शंभर माणसांची चूल विझत नाही. खरी जर लावलेला शालू मात्र आता कोणी मागत नाही.